चकलीचा डबा

पहिल्या रविवारी आम्ही खिचडी नेली.
जोएलच्या मामाच्या टेम्पोतून, दोन पातेली,
वर ओलं फडकं बांधून.
रे रोडच्या पुलाखाली पोचलो तर
कुणीतरी आधीच पुलाव वाटून गेलेलं.
द्रोण लोळत होते, कुत्रीसुद्धा सुस्त.
गंगव्वा म्हणाली,
"पोटाचं बघनारे लई येतात.
गुरुवारी गाडी येती, तिचं काय ते बघा."

कुठली गाडी, हे निनादने विचारलं.
आम्हा चौघांत प्रश्न विचारायची लाज
फक्त त्याला नाही.

गुरुवारी गाडी पाहिली.
वीस मिनिटांत पुलाखालची फरशी झाडून साफ.
ताडपत्री गेली, स्टो गेला, बाळाची झोळी गेली,
आणि उशाखालची पिशवी,
जिच्यात रेशनकार्ड होतं,
पोराचा शाळेचा दाखला होता,
आणि नवरा मेल्याचा कागद,
जो मिळवायला गंगव्वा
अकरा वेळा वॉर्डात जाऊन आली होती.
गाडीवरच्या माणसाने पिशवी उघडून पाहिली नाही.
त्यालाही संध्याकाळी कुठेतरी
सही करायची असणार.

"कागद आपल्याकडे ठेवू," फिदा म्हणाली.
आपल्याकडे म्हणजे कुणाकडे?
निनाद विरारला. जोएलच्या घरात नऊ माणसं.
फिदाचा भाऊ तिचं दप्तरही तपासतो.
राहिले मी:
घोडपदेव, दुसरा मजला, जिन्यालगतची खोली.

आईने माळ्यावरून पत्र्याचा डबा काढला.
"आणि दिवाळीत चकल्या काय माझ्या डोक्यावर ठेवू?"
असं बडबडतच तिने तो घासला,
गॅलरीत दोन दिवस उन्हाला लावला,
तेलाचा वास जाईना
म्हणून तळाला कडुनिंबाचा पाला घातला.

आता डब्यात सतरा संसार आहेत.
एकेकाची एकेक प्लास्टिकची पिशवी,
पिशवीवर नाव, फिदाच्या अक्षरात,
माझं अक्षर मलाच लागत नाही.
रात्री साडेअकराला कडी वाजते,
लिंबाजीच्या सुनेला कळा सुरू झाल्यात, कार्ड द्या.
शेजारचे मयेकर दार किलकिलं करून बघतात.
"कोण गं येतं सारखं?"
"तिचं बँकेचं काम असतं," आई सांगते,
आणि खोटं बोलल्याबद्दल
पुढचे दोन दिवस माझ्यावर चिडते.

एक गोष्ट सांगायची नव्हती, पण सांगते.
मे महिन्यात मी मावशीकडे गेले, दापोलीला,
कपाटाची किल्ली पर्समध्ये.
हसीनाच्या मुलाच्या प्रवेशाचा तो शेवटचा दिवस.
ती आमच्या जिन्यात दुपारभर बसली होती.
आईने कुलूप तोडायला वरवंटा घेतला,
कुलूप तुटलं तेव्हा
शाळेची खिडकी बंद झाली होती.
परत आल्यावर मी माफी मागायला गेले.
हसीनाने बसायला पुठ्ठा दिला, चहा दिला.
ओरडली असती तर बरं झालं असतं.
मुलगा एक वर्ष मागे पडला.
ते वर्ष कुठल्या पिशवीत ठेवायचं,
मला माहीत नाही.
कपाटाला तेव्हापासून कुलूप नाही.

परवा मुरुगेश आला.
त्याला कार्ड नको होतं, दाखला नको होता.
पिशवीतून त्याने एक फोटो काढला,
लग्नातला, कडा पाण्याने फुगलेल्या,
बायको डोळे मिटून, तो घाबरून ताठ.
जिन्याच्या दिव्याखाली उभा राहून
बराच वेळ बघत राहिला.
मी आत जाऊन उगाच पाणी प्यायले.

मग फोटो माझ्या हातात देत म्हणाला,
"ठेव परत. तुझ्याकडं कोरडा राहतो."

आई आतून म्हणाली, त्याला चकली दे.
चकल्या यंदा श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात आहेत,
जरा मऊ पडल्यात.
त्याने दोन घेतल्या.
एक तिथंच खाल्ली,
एक कागदात गुंडाळून खिशात.